विनंती पाठवली

४ मार्च
दुकानातून, गिऱ्हाईक नसताना

चि. बटण,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. आधी बातमी ऐक. आपल्या दुकानाला वाचा फुटली!

थट्टा नाही. शेजारची पार्लरवाली मागे लागून लागून शेवटी फोनवरून पैसे घ्यायचं सुरू करून गेली. काउंटरवर एक चौकटी-चौकटींचा कागद चिकटवलाय. गिऱ्हाईक त्याच्यासमोर फोन धरतं आणि शिलाई मशीनशेजारी तिनेच ठेवलेला डबा ओरडतो, "ऐंशी मिळाले!" बाईचा आवाज आहे, अगदी मुख्याध्यापिकेसारखा. पहिल्या वेळी मी एवढी दचकले की हातातलं दाभण एका माणसाच्या नव्याकोऱ्या सुटकेसमध्ये घुसलं. त्याला म्हटलं, आत हवा खेळायला एक भोक लागतंच. बिचारा आभार मानून गेला.

आता डबा दिवसभर बोलतो. बॅगेची चेन बदलली, डबा बोलला. चाक बसवलं, डबा बोलला. सुट्ट्यांवरून होणारी हुज्जत संपली. समोरच्या घड्याळवाल्याला माझा धंदा बसल्या जागी ऐकू येतो आणि त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मी मुद्दाम आवाज वाढवून ठेवलाय.

तुला वाटेल, दोन वर्षांनी ताईने पत्र लिहिलं ते एका डब्यासाठी? नाही रे. तुझ्या बायकोने मला फोटो पाठवला. तुला न विचारता पाठवला असेल तर तिच्यावर डोळे वटारू नकोस, माझी शपथ आहे. काय गोड आहे रे पोरगी! कपाळ थेट आईचं. मुठी अशा आवळल्यात की आत्ताच कोणाशी तरी भांडण काढायचंय. आपल्याच घरची, शंका नाही. तुम्ही कागदोपत्री काय नाव ठेवायचं ते ठेवा, मी आत्या आहे, मी माझं ठेवून टाकलंय. बाबांच्या कोटाचं बटण गिळलंस म्हणून तू जन्माचा बटण झालास ना? मग बटणाची लेक ती काज. बटणाला काज मिळालं!

काजला मला काहीतरी द्यायचंय. फोन तू उचलणार नाहीस आणि मी करणारही नाही. अस्तराचं प्रकरण मी उकरून काढत नाही. फक्त एवढंच म्हणते, की माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणून तू गुपचूप उशाखाली ठेवलेलं पाकीट मी तुझ्याच बॅगेच्या अस्तरात शिवून परत दिलं, आणि टाके असे घातले की महिनाभर तुला पत्ता लागला नाही. दुसऱ्या कोणी माझ्या हाताचं कौतुक केलं असतं. तू मात्र फोनवर "मी तुझा कोणीच नाही का?" म्हणालास आणि धाडकन ठेवून दिलास. मी कोणाकडे काही मागत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यात रागवायचं काय?

आणि डोळा ठीक आहे. पार्लरवाली सकाळी येऊन सुया ओवून देते ते तिला आवडतं म्हणून.

तर ठरलं. काजचे पैसे फोनवरून पाठवणार. पाकीट दिलं असतं तर तू सूड म्हणून तेही कुठेतरी शिवून परत केलं असतंस. फोनला अस्तर नसतं!

तुझी ताई


६ मार्च
दुकानातून, चहा गार होतोय

चि. बटण,

पाठवले! एकटीने पाठवले!

पार्लरवाली आठवडाभर माहेरी गेलीय. जाताना सगळ्या सुया ओवून पिनकुशनला टोचून गेली, पण फोनचं शिकवणं अर्धंच राहिलं. म्हटलं, तिची वाट कशाला बघायची? जन्मभर लोकांच्या बॅगांची कुलुपं उघडली, एक फोन उघडणार नाही? बसले. यादीत तुझं नाव 'बटण' म्हणूनच आहे. त्यावर बोट ठेवलं तर खाली दोन हिरवी बटणं आली, दोन्हींवर बाण. अक्षरं मेली मुंगीएवढी. हल्ली फोनवाले शाई वाचवतात वाटतं. त्यातलं मला जे जास्त हिरवं वाटलं ते दाबलं. पाचशे लिहिले. 'कशासाठी' असं विचारलं तिथे लिहिलं, 'काजसाठी'. आणि देवाचं नाव घेऊन बोट टेकवलं.

पार्लरवालीने बजावलं होतं, गुप्त आकडा विचारेल, तो कोणाला सांगायचा नाही. मी तो पाठ करून, श्वास रोखून बसले होते. विचारलाच नाही! किती समंजस आहे बघ. सख्ख्या भावाला पैसे पाठवायला कसला गुप्त आकडा?

आणि सगळ्यात गंमत पुढे आहे. पाठवून झाल्यावर मोठ्या अक्षरांत काय आलं असेल? 'विनंती पाठवली'!

मला एकदम बाबा आठवले. बाबांचं कुठलंही पत्र घे, सुरुवात ठरलेली, 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष'. गवळ्याला चिठ्ठी लिहिली तरी विनंती विशेष. आणि खाली विनंती कधीच काही नसायची. सगळं कुशल आहे, काळजी नसावी, संपलं पत्र. मी लहानपणी विचारलं होतं, बाबा, विनंती कुठाय? तर म्हणाले, "अगं, ती रीत असते. मागायचं काही नसतं." फोनवाल्यांना ही रीत कोणी शिकवली कोण जाणे, पण मला फार आवडलं. पैसे पाठवावेत तर असे, अदबीने.

आता तुला मिळाले असतील. काजला माझ्याकडून पापा घे. तू घेतलास तरी माझाच, लक्षात ठेव.

तुझी ताई


९ मार्च
दुकानातून, रागारागात

बटण,

चि. लिहीत नाहीये, बघ.

परवा पत्र पेटीत टाकून आले आणि एका बाईच्या पर्सचा पट्टा लावत बसले होते. तेवढ्यात डबा ओरडला, "पाचशे मिळाले!" बाई म्हणाली, "अहो, मी अजून दिलेच नाहीत." फोन बघितला. बटण! तू परत केलेस?

आत्याने भाचीला दिलेले पैसे परत करतोस? माझी एक गोष्ट तू पुरती उचललीस आणि तीच माझ्यावर उलटवलीस! पण मीही तुझीच बहीण आहे. तिथल्या तिथे हजार पाठवले. पुन्हा तेच हिरवं बटण, पुन्हा 'विनंती पाठवली'. मनात म्हटलं, कसली विनंती, दम दे त्याला दम! चहाचा दुसरा घोट घेते न घेते तोच डबा, "एक हजार मिळाले!" पट्टेवाली बाई गेली होती, नाहीतर तिने मला चोर समजून पोलीस बोलावले असते.

काल दोन हजार पाठवले. आता बघू म्हटलं, एवढे परत करताना हात थरथरेल. कसला थरथरतो! डब्याने दोन हजार अशा आवाजात सांगितले की घड्याळवाला रस्ता ओलांडून विचारायला आला, "ताई, विमानाला चाकं बसवलीत की काय?"

आता मी पाठवणार नाही. थकले. तू जिंकलास असं समज, पण मनातल्या मनात समज, मला सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. काल डबा बोलला तेव्हा मला राग आला आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की हातातला रनर चेनमध्ये उलटा घातला. दोन वर्षांत पहिल्यांदा आपण भांडलो रे! तू तिकडे फोन हातात घेतलास, माझं नाव बघितलंस, आणि लगेच, अगदी लगेच, मला उत्तर दिलंस. भांडणाचं का असेना. मी दिवसभर गुणगुणत होते. अबोला धरून बसण्यापेक्षा हे किती छान.

हे पत्र मी तिकीट लावून आत्ताच टाकते, नाहीतर राग उतरेल.

ताई


१२ मार्च
दुकानाचं शटर अर्धं ओढून

चि. बटण,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

सकाळी पार्लरवाली आली. मी तिला तुझं गाऱ्हाणं सांगितलं, की बघ, माझा भाऊ कसा हट्टी, तीनदा पाठवले, तीनदा परत केले. ती फोन बघायला लागली. बघता बघता तिने तोंडावर हात ठेवला. म्हटलं, काय झालं? सगळे पैसे गेले का?

म्हणाली, "अहो मावशी, तुम्ही पाठवलेच नाहीत. तुम्ही मागितलेत!"

"काय मागितलं?"

"पैसे! दोन बटणं असतात, एक 'पाठवा' आणि एक 'मागा'. तुम्ही तिन्ही वेळा 'मागा' दाबलंत. 'विनंती पाठवली' म्हणजे तुम्ही त्यांच्याकडे पैसे मागितल्याची विनंती. आणि त्यांनी तिन्ही वेळा दिले."

बटण, मी स्टुलावर बसले ती उठेचना. मी! ज्या बाईने शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, तिने भावापुढे तीनदा हात पसरला, आणि वर त्यालाच शिव्या देत बसली! कानांच्या पाळ्या तापल्या. पार्लरवालीला हसू आवरत नव्हतं आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि मावशी, तुम्ही हे वाचलं नाहीत? प्रत्येक पैशाखाली त्यांनी निरोप लिहिलाय."

मी वाचले नव्हते. मुंगीएवढी अक्षरं. तिने मोठ्याने वाचून दाखवले.

पाचशेच्या खाली: "ताई? बरी आहेस ना? काजसाठी म्हणजे काय? मशीन बिघडलं का?"

हजाराच्या खाली: "काजाचं नवं मशीन घेतेस का? मग एवढ्यात काय येणार? नीट सांग, संकोच करू नकोस."

दोन हजाराच्या खाली: "लागतील तेवढे माग. तू माझ्याकडे मागितलंस, मला किती बरं वाटलं तुला कळणार नाही. बायकोला तीनदा सांगितलं. मी येऊ का?"

पार्लरवालीचं हसू थांबलं. मी तर केव्हाचीच रडत होते. तू माझ्यासाठी काजाचं मशीन घ्यायला निघाला होतास, वेड्या! बॅगांना कुठे काजं असतात? आणि 'मी येऊ का?' असं विचारलंस, आणि मी चार दिवस त्यावर गप्प. तुला काय वाटलं असेल?

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. पत्रं! माझी तीन पत्रं वाटेत आहेत. ती वाचलीस की तुला कळणार, ताईने काही मागितलंच नव्हतं. चुकीचं बटण दाबलं. वरून 'मी कोणाकडे काही मागत नाही' असं मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. तुला जे बरं वाटलं ते सगळं मीच पुसून टाकणार, टपालाने!

दुकान तसंच टाकून पोस्टात धावले. खिडकीवरच्या माणसाला म्हटलं, माझी तीन पत्रं परत द्या. म्हणाला, "ती केव्हाच गेली, मावशी." म्हटलं, मग परत बोलवा. हल्ली सगळं परत येतं. त्याने चष्म्यावरून बघितलं. "पत्राला परतीचं बटण नसतं." मागे रांगेतल्या एकाने विचारलं, आत काही महत्त्वाचं होतं का? काय सांगणार?

परत आले आणि ठरवलं. पत्रं पोचायच्या आत मी खरंखुरं मागणार. बघून, समजून, डोळे उघडे ठेवून. उघडे म्हणजे जेवढे उघडतात तेवढे. कारण, ऐक आता, डोळा ठीक नाही. डाव्याने फक्त उजेड कळतो आणि उजवाही आता त्याच वाटेने निघालाय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबत कोण येणार?" मी म्हटलं, कोणी कशाला? त्या म्हणाल्या, "सोबत माणूस असेल तरच तारीख देईन." मी उठून आले. पैसे नव्हते म्हणून नाही रे. त्यांना कोणाचं नाव सांगायचं ते मला सुचलं नाही. सुचलं होतं, पण तोंडातून निघालं नाही.

अस्तराचे टाके उत्तम होते हे मी अजूनही म्हणते. पण हे तीन वेळचे पैसे मी परत करत नाहीये, बघ. कुठेही शिवत नाहीये. ठेवून घेतले.

पार्लरवाली म्हणाली, मी दाबून देऊ का? म्हटलं, नको, फक्त कुठलं ते दाखव. 'मागा'. मोठं दिसतं की, नीट बघितलं तर. रक्कम विचारली, तिथे लिहिलं, एक. कशासाठी, तिथे लिहिलं, 'एक बटण हवंय. डोळ्याच्या दवाखान्यात सोबत म्हणून.'

विनंती पाठवली.

तुझी ताई


१६ मार्च
दुकानातून

चि. बटण,

डबा दिवसभर बोलतो, पण तुझं काही नाही. बोलला की मान वर होते, आणि समोर कोणी तरी पिशवी घेऊन उभं असतं. आज एकाने चेनचे पैसे दिले आणि मी त्याच्याकडे असं बघितलं की तो म्हणाला, "कमी पडले का?"

पत्रं पोचली असणार. तिन्ही एकदम पोचली असतील तर कुठलं आधी उघडलंस? रागाचं उघडू नकोस रे. पण हे तरी तुला कसं कळणार?

पार्लरवाली म्हणते, पुन्हा मागा. मी म्हटलं, नाही. एकदा मागितलंय, नीट मागितलंय. आता देणाऱ्याने ठरवायचं. हे बोलायला सोपं आहे. मागून वाट बघत बसायला किती धीर लागतो हे मला या वयात कळतंय, म्हणून मागणाऱ्या लोकांना मी कमी समजायचे, तसं आता समजणार नाही.

आवाज मी पुरा मोठा केलाय.

ताई


१९ मार्च
दुकानातून. उभ्याउभ्याने!

चि. बटण, चि. बटण, चि. बटण,

अरे काय केलंस हे! दुकानात पाच गिऱ्हाइकं होती! मी एका मोठ्या ट्रंकेचं हँडल ठोकत होते. डबा म्हणाला, "एक मिळाला." मी हातोडी खाली ठेवली. एवढे कमी माझ्याकडे कोणी देत नाही. फोनकडे हात नेते तोच पुन्हा, "एक मिळाला." मग लगेच, "एक मिळाला." "एक मिळाला." डबा थांबेचना! गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघायला लागली. एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमचा डबा बिघडलाय." मी ओरडले, "बिघडला नाही, माझा भाऊ बोलतोय!"

पार्लरवाली एका बाईचे केस अर्धे कापून तशीच कात्री घेऊन धावत आली. तिच्यामागून ती बाईही आली, खांद्यावर टॉवेल, अर्धं डोकं ओलं. घड्याळवाला आला. सगळ्यांसमोर पार्लरवालीने तुझे निरोप एकेक करून वाचले, आणि मी नको म्हटलं नाही.

"फोन आठवडाभर दुरुस्तीला होता, आजच मिळाला. पत्रंही आजच आली, तिन्ही एकदम."

"रागाचं आधी उघडलं. काही कळेना. मग बाकीची वाचली."

"मी आणि बायको इतके हसलो की काज रडायला लागली. हो, आता तिला काजच म्हणतो."

"वाईट वाटलं थोडं. तू मागितलंच नव्हतंस म्हणून."

इथे पार्लरवाली थांबली. ट्रंकवाला म्हणाला, "अहो, वाचा ना पुढे!"

"मग तारीख बघितली. चौथी विनंती बारा तारखेची. पत्रांच्या नंतरची. ती चूक नव्हती ना, ताई?"

"उत्तर देऊ नकोस. मला कळलं."

"मागितलेलं एक बटण रविवारी सकाळी पोचतंय. काज आणि तिची आईपण."

आणि शेवटचा एक मिळाला तो असा:

"तीच बॅग घेऊन येतोय. अस्तर अजून उसवलेलंच आहे, कोणाकडे दिलं नाही. तू शिव. या वेळी आत काही घालू नकोस."

मग अर्ध्या केसांची बाई नाक पुसत म्हणाली, "रविवारी म्हणजे परवाच की!" आणि सगळे एकदम बोलायला लागले. ट्रंकवाल्याने हँडलचे पैसे दिले, डबा ओरडला, पण त्या गलक्यात कोणाला ऐकूही गेला नाही. मी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोबत कोण?" म्हटलं, "माझा भाऊ." एवढ्या मोठ्याने म्हटलं की त्या म्हणाल्या, मला ऐकू येतं.

हे पत्र पेटीत टाकत नाही. त्याआधी तूच येशील. पण फेकणारही नाही. घडी घालून ठेवलंय, अगदी लहान, चपटी. पार्लरवालीला सगळ्यात बारीक सुई ओवून ठेवायला सांगितलीय. बॅग दे माझ्याकडे, मी आत काही घालणार नाही म्हणून वचन दिलेलं मला आठवत नाही.

तुझी वाट बघणारी,
ताई